राखणदाराचे पावणे

मी आयुष्यात एकदाही खोटं भाषांतर केलेलं नाही. ही बढाई नव्हे. डिचोलीच्या कचेरीत तीस वर्षं कारकुनी केली, त्यात एवढीच एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मुक्तीनंतर गोव्यात साहेब यायचे ते दिल्लीहून, मद्रासहून. त्यांना कोकणीही कळायची नाही आणि मराठीही. लोकांना इंग्रजी कळायचं नाही. मग कुणीतरी म्हणायचं, कृष्णनाथला बोलवा. लोक मला 'कारकून बाब' म्हणत, आणि मी त्यांना, माणूस पाहून, तुम्ही किंवा तू म्हणत असे.

धाकू वरकाला मी तू म्हणत असे. तो माझ्याहून वीस वर्षांनी मोठा होता, पण धनगराला तुम्ही म्हणायची रीत आमच्याकडे नव्हती. ती मी सुरू करावी असं मला कधी वाटलं नाही.

डिचोलीहून तासाभराच्या चालीवर आवळीचा डोंगर आहे. म्हणजे होता. वर धनगरांची नऊ घरं, म्हशी, बकऱ्या, थोडी नाचणी. सकाळी बायका दुधाच्या चरव्या डोक्यावर घेऊन बाजारात उतरायच्या आणि उन्हं तापायच्या आत परत वर जायच्या. माणूस मेला की त्याला वरच पुरायचे आणि डोक्याशी एक उभा दगड लावायचे. असे दगड किती होते ते मोजायच्या फंदात कुणी पडलं नव्हतं. सगळ्या डिचोलीला ठाऊक होतं की धनगर डोंगरावर आहेत, जसं माकडं झाडावर आहेत हे ठाऊक असतं. कागदावर मात्र ते कुठेच नव्हते.

पोर्तुगीज अमदानीत कुणाला तरी दिलेला खाणीचा एक कागद त्या डोंगरावर होता. सत्त्याऐंशी साली तो कागद धूळ झटकून उठला. जमिनीच्या उताऱ्यात 'इतर हक्क' म्हणून एक रकाना असतो. त्यात धनगरांची नावं चढली तर खाणवाल्यांना त्यांना विचारल्याशिवाय कुदळ मारता येणार नव्हती. नावं चढली नाहीत तर नऊ घरं खाली उतरणार, आणि डोंगर लाल माती होऊन नदीतल्या बार्जमधून वास्कोच्या बंदरावर जाणार. एवढाच प्रश्न होता. तो सोडवायला साहेब एप्रिलमध्ये डोंगरावर यायचे होते.

पण त्याआधी माझा राग सांगायला हवा, नाहीतर तुम्हांला वाटेल मी खाणवाल्यांचा मिंधा होतो. मी कुणाचा चहासुद्धा प्यायलो नव्हतो.

तो भाषेच्या भांडणाचा काळ. अर्धा गोवा कोकणीसाठी रस्त्यावर, आम्ही मराठीसाठी. बसगाड्या जळत होत्या, भाऊ भावाशी बोलत नव्हता. मी कचेरी सुटल्यावर सभांची पत्रकं लिहायचो. माझ्या आजोबांनी देवळात जी भाषा ऐकली, माझ्या आईने ज्या भाषेत ओव्या म्हटल्या, ती या भूमीची नव्हे असं कुणी म्हटलं की माझं डोकं तापायचं. हक्क, हक्क असं दिवसरात्र चाललेलं. डिचोलीच्या मोठ्या सभेला माणसं हवी होती. मला सुचलं, धनगर ढोल घेऊन उतरले तर काय बहार येईल. म्हणून डिसेंबरात मी स्वतः आवळीचा डोंगर चढलो.

धाकूने मला घोंगडीवर बसवलं. त्याची बायको आनंदी, हिने ताक दिलं. मी त्यांना पंधरा मिनिटं समजावलं की मराठी गेली तर तुमचं काय होईल. धाकूने सगळं नीट ऐकून घेतलं.

"कारकून बाब," तो म्हणाला, "तुमची भास मराठी. बाजारातली कोकणी. आमची ही न्हय आणि ती न्हय. आमी घरात उलयतो ती भास तुमकां कळता, पूण तुमी तिका हसतात. आमी कोणाखातीर बोब मारूं?"

मागे बायका होत्या, त्या हसल्या. आनंदी तोंडाला पदर लावून हसली. त्यात वाईट काही नव्हतं, हे मला आज कळतं. त्या दिवशी माझ्या कानशिलांत वाफ झाली. ज्याला अक्षर ओळखता येत नाही त्याने मला भाषा शिकवावी? मी ताक तसंच ठेवून उतरलो.

फेब्रुवारीत कायदा झाला. कोकणी राजभाषा झाली आणि मराठी 'ही' वापरता येईल असं ठरलं. एवढं रान उठवून आमच्या वाट्याला एक 'ही' आली. कचेरीतले कोकणीवाले माझ्या मेजापाशी येऊन मुद्दाम पेढे ठेवून गेले. मला कुणाला तरी मारावंसं वाटत होतं, आणि मारायला समोर कुणी नव्हतं. वड्याचं तेल वांग्यावर काढतात म्हणतात, ते वांगं एप्रिलमध्ये माझ्यासमोर आलं.

साहेब जीपमधून अर्ध्यापर्यंत आले, पुढे चालत. त्यांच्यासाठी खाणवाल्यांचा माणूस बाबलीशेट याने खालून एक कदेल, म्हणजे खुर्ची, डोक्यावर आणवली होती, ती एका मोठ्या माट्टीच्या झाडाखाली मांडली. समोर धनगर उकिडवे बसले. मी मधे उभा.

साहेब इंग्रजीत म्हणाले, यांना विचारा, ही जमीन कुणाची?

मी विचारलं. धाकू उठला. डोक्याचं मुंडासं काढून त्याने काखेत धरलं, माट्टीच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला दगड होता त्याच्याकडे तोंड केलं आणि म्हणाला, "जमीन राखणदाराची. आमी पावणे."

आता हे ज्याला कळत नाही त्याच्यासाठी सांगतो. आमच्याकडे प्रत्येक डोंगराला राखणदार असतो. शहरातली माणसं त्याला नारळ ठेवून मोकळी होतात. धनगरांचं तसं नसतं. घराची एक मेढ पुरायची तरी ते त्याला विचारतात. म्हैस व्याली की पहिलं दूध त्या दगडावर. आणि विचारताना म्हणायचे शब्द ठरलेले असतात: आमी पावणे, तुज्या पायांपंदा रावतात, म्हणजे तुझ्या पायांखाली राहतो. पहिल्या धनगराने म्हटलं, त्याच्या नातवाने म्हटलं, धाकूने म्हटलं. ज्या जमिनीत सात पिढ्यांची हाडं आहेत त्या जमिनीवर उभं राहून हे म्हणायचं. जमीन माझी, असं तिथे जो म्हणेल तो चोर. आणि चोराने राखणदाराच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही. म्हणजे 'पावणे' या शब्दाचा त्यांच्या तोंडी अर्थ असा की आम्हांला इथून कुणी उठवू शकत नाही, कारण ज्याचं घर त्याने आम्हांला ठेवून घेतलंय.

हे सगळं मला ठाऊक होतं. माझी आजी त्या डोंगराच्या पायथ्याची. साहेबांना हे इंग्रजीत सांगायला मला फार तर दोन मिनिटं लागली असती.

मी म्हणालो, "सर, ही सेज दे आर गेस्ट्स."

साहेबांनी वर पाहिलं. गेस्ट्स म्हणजे कायमचे नव्हेत? मी म्हणालो, गेस्ट म्हणजे गेस्ट, सर. त्यांनी लिहून घेतलं. राखणदाराचं नाव मी घेतलं नाही. साहेबांनी विचारलं ते जमिनीबद्दल, देवाबद्दल नव्हे.

साहेबांनी धाकूकडे पाहून मान हलवली. धाकूला वाटलं, पटलं. त्याने हात जोडले. आनंदीने सगळ्यांना ताक दिलं, मलाही, आणि त्या दिवशी मी ते संपवलं. उतरताना बाबलीशेट माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सुंठीवांचून खोकलो गेलो, कारकून बाब." मी त्याचा हात झटकला. मी त्याच्यासाठी काही केलं नव्हतं. मला आनंद झाला होता हे खरं, पण तो माझा स्वतःचा होता. लाज वाटली का? वाटली. जेवायला बसेपर्यंत टिकली.

हुकूम मे महिन्यात आला. अर्जदार स्वतः कबूल करतात की ते तात्पुरते पाहुणे आहेत, सबब इतर हक्कांत नोंद करता येत नाही. 'तात्पुरते' हा शब्द साहेबांचा, माझा नव्हे. महिना संपता संपता गोवा राज्य झालं, कचेरीवर रोषणाई केली, आम्ही सगळ्यांनी एकमेकांना जिलेबी भरवली.

आता धनगर उतरले असते आणि गोष्ट संपली असती. पण पणजीचा एक वकील मधे पडला. जयराम त्याचं नाव, वय तिशीच्या आत, दाढी, खांद्याला पिशवी. त्याने फुकटात अपील लावलं आणि निकाल लागेपर्यंत खोदायचं नाही असा हुकूम मिळवला. त्याच्या पिशवीत परदेशातली पत्रकं असायची. ब्राझीलात कसे जंगलातले लोक आहेत, ऑस्ट्रेलियात कसे आहेत, त्यांच्या जमिनी कशा कागदांनी खाल्ल्या. हा माणूस चांगला होता, मी नाकारत नाही. पण ब्राझीलचं त्याला पाठ होतं आणि आवळीच्या डोंगरावर तो एकदाच गेला होता, तोही बूट घालून.

अपिलाची सुनावणी नोव्हेंबरात पणजीला झाली. मूळ जबाब माझ्या तोंडून गेलेला, म्हणून मलाही बोलावणं होतं. साहेब दुसरे होते, पण तेही बाहेरचेच.

मी पोचलो तेव्हा कचेरीच्या व्हरांड्यात जयराम धाकूला शिकवत होता. मी खांबापलीकडच्या बाकावर बसलो. सगळं ऐकू येत होतं.

"धाकूबाब, फकत इतलेंच म्हण. जमीन आमची."

"तशें म्हणूं नजो, बाब."

"तू म्हणना जाल्यार डोंगर वता."

"म्हटलें जाल्यार हांव डोंगरार वचूं नजो."

जमीन आमची म्हटलं तर पुन्हा डोंगरावर जायचं नाही, हे जयरामला कळेना. त्याला वाटलं म्हातारा घाबरलाय. त्याने समजावलं, हात धरला, मग आवाज चढवला. आनंदी भिंतीला टेकून बसली होती, ती दोनदा म्हणाली, "ताका तें म्हणूंक लावूं नाकात." शेवटी जयरामने विचारलं, "तुजीं नातवंडां खंय रावतलीं? बाजारात?"

धाकूने आनंदीकडे पाहिलं. मग म्हणाला, "हांव चोर जातां. तीं रावूंदीत." जयरामला वाटलं, जमलं. त्याने म्हाताऱ्याची पाठ थोपटली.

आत पहिल्यांदा मला विचारलं. जयराम उभा राहून म्हणाला, पावणे या शब्दाचा धनगरांच्या तोंडी काही वेगळा अर्थ आहे का, हे या गृहस्थांनी सांगावं. तो माझ्याकडे अशा आशेने बघत होता की मला त्याची कीव आली. एक वाक्य हवं होतं त्याला. ते माझ्याकडे तयार होतं, सात महिन्यांपासून तयार होतं. पण मी आता ते बोललो असतो तर साहेबांनी विचारलं असतं, मग एप्रिलमध्ये का नाही सांगितलं? पंचवीस वर्षांत ज्याचं भाषांतर चुकलं नाही तो मी, आणि ते भर कचेरीत चुकलं म्हणायचं?

मी म्हणालो, "पावणे म्हणजे पाहुणे. शब्दकोशात दुसरा अर्थ नाही."

मग धाकूला उभं केलं. साहेबांनी तोच प्रश्न विचारला आणि मी तो त्याला त्याच्या बोलीत विचारला. या वेळी त्याने मुंडासं काढलं नाही. भिंतीत जनेल होतं, त्यातून बाहेर बघत तो म्हणाला, "जमीन आमची." म्हणाला आणि खाली बसला. उभा राहा, असं शिपायाने दोनदा सांगितलं तरी त्याला उठवेना.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नाऊ ही सेज द लँड इज देअर्स."

जयराम ताडकन उठला. म्हणाला, साक्षीदार 'आता' म्हणालेला नाही, तो शब्द दुभाष्याने घातला. मी साहेबांना शांतपणे म्हणालो, सर, एप्रिलमध्ये तो असं म्हणाला नव्हता, आज म्हणतोय. याला इंग्रजीत दुसरं काय म्हणायचं ते वकिलांनी सांगावं. साहेबांना हसू आलं. त्यांनी 'आता' लिहून घेतलं आणि त्याखाली रेघ मारली, मी पाहिलं.

पण जयराम कच्चा नव्हता. तो अर्धा तास बोलला. म्हणाला, शब्द सोडा, दगड बघा. डोंगरावर उभे दगड आहेत, प्रत्येकाखाली एक माणूस आहे. पाहुणा कुणाच्या घरी सात पिढ्या मरायला जात नाही. साहेबांची मान हलायला लागली. शेवटी ते म्हणाले, ठीक आहे, पुढच्या आठवड्यात मी स्वतः डोंगरावर येईन, दगड बघेन, मग ठरवू. तोवर खोदकाम बंदच.

म्हणजे धनगर जवळजवळ जिंकले होते. उभ्या दगडांबद्दल कुणाला खोटं बोलता येत नाही, मलाही नाही. जयरामने सगळ्यांशी हात मिळवले आणि दुसऱ्या केससाठी वरच्या मजल्यावर पळाला. मी कडू तोंडाने खाली आलो, चहा मागवला.

थोड्या वेळाने समोर आनंदी उभी राहिली. मागे पायऱ्यांवर धाकू, गुडघ्यांत डोकं घालून.

"कारकून बाब," ती म्हणाली, "तो घरा येना म्हणटा."

मी विचारलं, का? मला ठाऊक होतं का ते.

"राखणदाराचे जमनीक आपली म्हटली न्हय? आतां ताणें थंय पाय घालूं नजो. चोर तो." ती रडत नव्हती. काम सांगावं तशी सांगत होती. "आमच्यांत रीत आसा. फट जंय उलयली थंयच परत घेवची पडटा, त्याच मनशांमुखार. मागीर राखणदार माफ करता. तो आतां भितर वचून सांगूंक सोदता, पूण शिपाय सोडिना. तुमी सायबाक बरोवन दियात. आमी तुमकांच वळखतात."

फट म्हणजे खोटं: ते जिथे बोललं तिथेच, त्याच माणसांसमोर परत घ्यायचं. मी त्यांना थांबवू शकलो असतो. वर जाऊन जयरामला बोलावलं असतं, तर त्याने तिच्या पायांवर डोकं ठेवून तिला थांबवलं असतं. किंवा नुसतं म्हटलं असतं, बाई, असला अर्ज नसतो. ती गेली असती. मी चहाची कपबशी बाजूला सारली आणि कागद घेतला.

अर्ज मी मराठीत लिहिला, माझ्या चांगल्या अक्षरात. आज सुनावणीत माझे पती धाकू वरक यांनी सदर जमीन आमची असल्याचे सांगितले, ते असत्य आहे. सदर जमीन आमची नाही. आम्ही तेथे पाहुणे आहोत. हे आम्ही कोणाच्याही दबावाशिवाय, राजीखुशीने सांगत आहोत.

त्यांना मी तो त्यांच्या बोलीत वाचून दाखवला, शब्द न शब्द. धाकूने मान वर केली. "राखणदाराचें नांव घालूंक ना?" त्याने विचारलं. मी म्हणालो, सरकारी कागदात देवांची नावं घालत नाहीत. ते त्याला पटलं. दोघांनी अंगठे उठवले. आनंदीने त्याचं मनगट धरलं. अंगठा इतका स्वच्छ उठला की एकेक रेघ दिसत होती.

मी आत गेलो. साहेब फायली आवरत होते. मी अर्ज समोर ठेवला आणि इंग्रजीत सांगितला, जसा होता तसा. त्यांनी तो दोनदा ऐकला. मला विचारलं, यांना हे कळतंय का? मी म्हणालो, त्यांनी स्वतः मागून लिहून घेतलाय, सर. हेही खरंच होतं. साहेबांनी उसासा टाकला. म्हणाले, माझा एक आठवडा वाचला. त्यांनी डोंगराची भेट रद्द केली, अपील फेटाळलं, बंदी उठवली. सही करायला पेन चालेना, तेव्हा माझं घेतलं.

खाली आलो तेव्हा दोघं उभी होती. धाकूने तोंड धुतलं होतं, मुंडासं नीट बांधलं होतं. चार तासांत म्हातारा दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखा दिसत होता.

"दिलो?" आनंदीने विचारलं.

"दिलो."

"सायबान आयकलें?"

"सगळें आयकलें."

"मागीर आतां आमी घरा वचूं येता मूं?"

"वचूं येता," मी म्हणालो.

धाकूने मला हात जोडले. "देव बरें करूं," म्हणाला. घाईत होते, म्हशींची धार काढायची होती. बंदी उठून तेव्हा दहा मिनिटं झाली होती. ते मी त्यांना सांगितलं नाही. उगाच त्यांची बस चुकली असती.